येऊ का?

"सापडला रे सापडला!" दरडीखालून पोरासारखं खिदळणं ऐकू आलं, पाठोपाठ टाळ्या.

शर्वरीने मान खाली घातली. ओंजळीत मावणारं ते यंत्र तिने मुलांशी लपाछपी खेळायला बनवलं होतं. गाडली गेलेली माणसं त्याच्याइतकी झटपट कुणालाच सापडत नाहीत, हे कळल्यावर ते बचाव पथकात आलं. हसू नये म्हणून तिने त्याला खेळात वाटणारी गंमत काढून घेऊन पाहिली, तर त्याने शोधणंच सोडलं.

जवानांनी माती उपसली. खाली द्वारकाबाईंचा नवरा होता, गार पडलेला. त्याच्या छातीवर बसून यंत्र टाळ्या पिटत होतं.

द्वारकाबाई धावत आल्या. "हसतंय म्हणजे जिवंत आहेत ना हो?"

शर्वरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "नाही, मावशी. त्याला तेवढं कळत नाही. माफ करा, बंद करते त्याचं हसणं."

द्वारकाबाईंनी नवऱ्याचा चेहरा पदराने पुसला. मग शर्वरीचं मनगट घट्ट धरलं.

"बंद केलंत तर शोधेल?"

"नाही."

"मग हसू दे मेल्याला. माझी लेक अजून आत आहे."

शर्वरीने यंत्र चिखलावर ठेवलं. नव्या डावासाठी त्याने दोन्ही हातांनी डोळे झाकले आणि लाडात विचारलं, "येऊ का?"

'ये' म्हटल्याशिवाय ते हलणार नव्हतं. शर्वरीने मान फिरवली.

द्वारकाबाईच खाली वाकल्या. "ये रे बाळा," त्या म्हणाल्या, "लवकर ये."