बिनफुंकीचा सराव

नवी गाणी नीट बसवली, तर बँडच्या पहिल्या रांगेतली जागा आणि तुऱ्याची टोपी गेनूभाऊचीच होती. फायद्याचा सौदा! पण त्याची दहावीतली पोरगी अभ्यासाला एकटी बसली की पेंगायची. म्हणून तीन महिने हा तिच्या शेजारी क्लॅरिनेट घेऊन बसला आणि न फुंकता नुसती बोटं चालवत राहिला.

"आबा, वाजवा की!"

"वाजवतोयच. तू पुस्तकात बघ."

निवडीच्या दिवशी त्याचा दम दुसऱ्याच कडव्याला संपला. "बोटं हरणाची, अन् फुंक म्हाताऱ्याची!" बँडचे मालक हसले. टोपी दुसऱ्याच्या डोक्यावर गेली.

पोरीने मात्र ब्याऐंशी टक्के आणले. "आबा, आता फुंका," ती म्हणाली. गेनूभाऊने उंबऱ्यात उभं राहून, मधे मधे दम घेत, असं वाजवलं, की सगळी गल्ली गोळा झाली.

टोपी गेली ती बापाची, आणि गल्लीत मान ताठ होती तीही बापाचीच.