पारूचं तोंड

"थांबलीस का गं आशी?" खुर्चीत मागं रेललेल्या पारूनं विचारलं.

बारीक सुयांचं यंत्र हातात धरून क्षितिजा तशीच उभी होती. ती त्वचारोगाची डॉक्टर, पारूची एकुलती एक लेक. महाळुंग्यातल्या नव्या इमारतीत तिनं नुकताच दवाखाना थाटला होता. शिकताना कितीतरी चेहऱ्यांवर तिनं हे मायक्रोनीडलिंग केलं होतं. पण हा चेहरा आईचा होता.

लहानपणी कांजिण्या आल्या आणि पारूच्या दोन्ही गालांवर खड्डे ठेवून गेल्या. ताम्हिणीच्या ढाब्यावर ती भाकऱ्या थापायची. मालकानं तिला मागच्या चुलीपाशी बसवलं होतं, गिऱ्हाइकाच्या नजरेआड. लेकीच्या शाळेत बक्षीस समारंभ झाला तेव्हा ती फाटकाबाहेर उभी राहिली. दवाखान्याच्या उद्घाटनालाही म्हणाली, "समदी गेली की येते."

त्या संध्याकाळी क्षितिजा रडली. "आये, लोकांच्या तोंडावरचे वण भरून काढते मी. तुझेच तेवढे राहू देऊ?"

"ह्या वयात मला कोण बघाया येनार हाय?"

"बरं. पण नव्या डॉक्टरवर भरवसा ठेवायला कुणीतरी पहिलं लागतंच ना?"

पारूनं पदर खोचला. म्हणाली, "आसं व्हय? मंग माजंच तोंड घे."

आता बधिर करणारं मलम पुसून झालं होतं. क्षितिजानं एक मोठा श्वास घेतला आणि सुया गालाला टेकवल्या. रक्ताचे बारीक ठिपके उमटले. त्यांच्यावर तिनं औषधाचे थेंब सोडले, हलक्या हातानं पसरले.

"नुसतं वरून लावलं तर हे आत जात नाही, आये. आता सुयांच्या वाटेनं जाईल. खालून कातडी भरत येईल, पण हळूहळू."

"येऊ दे. भात लावला म्हनून लगेच का लोंब्या येत्यात?"

पारू मग दर महिन्याला एसटीनं येत राहिली. दोनतीन दिवस गाल लाल व्हायचे, मग निवायचे. खड्डे सगळे गेले नाहीत, पण उथळ झाले. एका सकाळी ढाब्यावर तिनं आपली परात उचलली आणि पुढच्या चुलीपाशी जाऊन बसली. मालक बघत राहिला.

उन्हाळ्यात वाडीत लग्न निघालं. पारू मांडवात अगदी पुढं बसली, शेजारी क्षितिजा. बायका भोवती जमल्या. भावकीतल्या राणीनं न राहवून तिच्या गालाला हात लावला.

"काकी, लई नितळ झालंय गं तोंड! लावलंस तरी काय?"

क्षितिजा औषधाचं नाव सांगणार, तोच पारूनं तिचा हात दाबला आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"तोंडाला न्हाई गं लावलं काय. लेकीला तेवढं शिकाया लावलं."