अंगाला लागलेली माती

मुकादमाने दाजींचं डोकं नळाखाली दाबलं आणि फरशी घासायच्या ब्रशने त्यांची मान खरवडायला सुरुवात केली.

"दादा, कातडं निघतंय!"

"निघू दे. माती तरी निघेल."

दाजी म्हणजे त्याच्या धाकट्या बहिणीचा नवरा. एरवी दोघांत अहो-जाहो चालायचं. आज मुकादम एकेरीवर आला होता. बाकीचे मजूर घरी गेल्यावर त्याने दाजींना कॉलर धरून धुण्याच्या खोलीत ओढत आणलं होतं.

इथे पूर्वी बॉम्बवर संशोधन चालायचं. मोठमोठे शास्त्रज्ञ आपलं काम उरकून निघून गेले आणि किरणोत्सारी माती मागे राहिली. ती उपसायला ही टोळी. सुट्टी झाली की मुकादम प्रत्येकाच्या अंगाला तपासणीचं यंत्र टेकवायचा. लांबून यंत्राला काही कळत नसे. यंत्र गप्प राहिलं की माणूस सुटला. सगळ्यांना सोडून, फाटकाला कुलूप घालून मुकादम निघायचा, तो थेट बहिणीकडे. भाचीवर त्याचा भारी जीव. मामाने भरवल्याशिवाय ती घास गिळत नसे.

महिनाभर पोर सुकत चालली होती. डॉक्टरांनी हात टेकले. आज सकाळी मुकादमाने यंत्र घरी नेलं, तिच्या दुपट्याला टेकवलं आणि ते किंचाळलं.

"आंघोळ न करता घरी जातोस ना?"

"नाही हो, पोरीची शपथ!"

"तिची शपथ खातोस?" मुकादमाने त्यांचं तोंड फरशीवर आपटलं. एक दात पडला. "खड्ड्यात हातमोजा काढला असशील."

"हातमोजा फक्त तुम्ही काढता, दादा. डाव्या हाताचा, यंत्राची बटणं दाबायला."

"वर तोंड करून बोलतोस?" त्याची लाथ बरगडीत बसली.

मग डाव्या हाताने मानगूट आवळून त्याने तिथेच यंत्र टेकवलं. यंत्र किंचाळलं.

"बघ! अजून आहे!"

तो पुन्हा घासू लागला. ब्रशचे केस लाल झाले. पाणी लाल झालं. मुकादम रडत होता आणि घासत होता. पुन्हा मानगूट, पुन्हा यंत्र, पुन्हा तीच किंकाळी.

"लेकराला खाल्लंस, मेल्या! बाप आहेस का वैरी?"

दाजींनी होता नव्हता तो जोर लावून त्याच्या पोटात गुडघा घातला. मुकादम भिंतीवर आदळला, यंत्र हातातून निसटलं. दाजींनी ते उचललं. सोललेल्या मानेला टेकवलं.

यंत्र गप्प.

छातीला लावलं. तळव्यांना लावलं. गप्प.

"मोडलंस ते!" मुकादम धापा टाकत पुढे आला. "आण इकडे."

आणि हिसकावून घेताना त्याचा डावा हात यंत्राच्या तोंडाला टेकला, तशी यंत्राने किंकाळी फोडली.