लावलेला विडा

घोडपदेवच्या चाळीत गुणाजी रोज जेवणानंतर पानाचा डबा उघडत. आज नात दर्शना पहिल्यांदाच शेजारी येऊन बसली. “आजोबा, मलाही शिकवा ना,” म्हणाली, तेव्हा त्यांना भरून आलं. त्यांनी पान पुसलं, शिरा काढल्या, चुना बोटानं पसरला, सुपारी बारीक कातरली. “जरा पटापट, व्हिडिओ छोटा आहे,” समोर मोबाईल टेकवत ती म्हणाली. त्यांनी विडा दुमडून दिला. तिनं तो गालात धरला, कॅमेऱ्याकडं बघून गोड हसली आणि म्हणाली, “घाई सोडा, क्षण जगा.” रेकॉर्डिंग थांबताच तिनं विडा कचऱ्याच्या टोपलीत थुंकून टाकला. गुणाजींना शिसारी आली. “आजोबा, उजेड कमी पडला. अजून एक लावा.” “नाय. थुंकायचंच असेल तर कागद चाव.” डबा उचलून ते स्वयंपाकघरात बायकोपाशी बसले. तिच्यासाठी विडा लावण्याआधी त्यांनी दोनदा हात धुतले.