शनिवारचे तीन घाव

उपडी ठेवलेली ताटली.

हनुवटीपर्यंत गुंड्या लावलेला कोट, गाडीत बसूनही न काढलेला.

पाताळात साखळीने बांधलेला सैतान. आठवडाभर तो ती साखळी चावत असतो.

रविवारी धूर सोडणारं धुराडं.

आणि एक ऐरण. गंजलेली, कडा ढासळलेल्या, कोंबड्यांनी घाण केलेली.

ऐरण बुर्गा आजीच्या नवऱ्याची, क्विरिन लोहाराची. तो गेल्यापासून ती गोठ्यात पडून होती. वेंडेलिन ती विकत घ्यायला आला तोही रविवारीच. त्याची बायको आफ्रा गाडीतून उतरली नाही. कोट तिचा. ताटली तिच्याच घरची. वेंडेलिनची भट्टी सातही दिवस पेटलेली असे आणि तो जेवायला येत नसे, म्हणून त्याची ताटली ती आताशा उपडीच मांडायची. त्या सकाळी तिने आवाज न चढवता सांगितलं होतं की पुढच्या रविवारी हातोड्याचा आवाज कानावर आला, तर सोमवारच्या बसने ती माहेरी जाईल. वेंडेलिनला वाटलं, बोलायचं म्हणून बोलते आहे.

ऐरण पारखायची म्हणजे तिच्यावर हातोडी टाकून बघायची. चांगली ऐरण हातोडी परत उडवते आणि घंटेसारखी वाजते. हातोडी उडाली, पण आवाज मेलेला आला. आत चीर असणार, वेंडेलिनच्या मनात आलं. मग त्याला दिसलं की म्हातारीने ऐरणीवर तळहात टेकवून ठेवलाय. हात काढा, तो म्हणाला. ती नुसती बघत राहिली. त्याने खूण केली तेव्हा कुठे तिने हात उचलला. जीव अडकलाय बिचारीचा, तो मनाशी म्हणाला. पुन्हा हातोडी टाकली. ऐरण अशी वाजली की कोंबड्या गोठ्याबाहेर पळाल्या. म्हातारी जागची हलली नाही. जन्म ऐरणीशेजारी गेलेला, तिला त्या आवाजाचं काय.

किंमत तिने वाजवी सांगितली. मग अट सांगितली.

"शनिवारी संध्याकाळी चर्चची घंटा झाली की रिकाम्या ऐरणीवर तीन घाव घालायचे. त्यानंतर सोमवारपर्यंत हातोड्याला हात लावायचा नाही."

वेंडेलिनला हसू आलं. त्याचे आजोबा घालायचे हे घाव. त्या तीन घावांनी सैतानाची झिजलेली साखळी पुन्हा घट्ट होते, आणि नंतर कुणी हातोडा उचलला तर कडी उकलते, असं ते सांगायचे. आता खोऱ्यात कुणी लोहार ते पाळत नव्हता. सैतान म्हातारा झाला असेल आजी, तो म्हणाला, दात तरी कुठे उरले असतील त्याला.

म्हातारी त्याच्या खांद्यावरून गाडीकडे बघत होती. कोटाकडे.

"माझी खिडकी तुझ्या भट्टीच्या बरोबर समोर आहे, पोरा, ओढ्यापलीकडे. मी बसलेली असेन. मला कळेल."

शब्द देऊन तो मोकळा झाला. ऐरणीला दोर बांधताना पाठमोऱ्यानेच त्याने विचारलं, क्विरिनकाका घालायचे का हे घाव? उत्तर आलं नाही. क्विरिन एका रविवारी गेला, ऐरणीवर ओणवा, चिमट्यात लोखंड तसंच. वेंडेलिनला ते मरण हेवा वाटावं असं वाटे.

त्या आठवड्यात त्याने ऐरण माणसात आणली. तारेच्या ब्रशने गंज काढला. ढासळलेल्या कडा कानशीने गोल केल्या. माथा मधोमध खोलगट झाला होता, तो घासून सपाट करायचा मोह त्याने आवरला. कडक पोलाद वरच पातळसं असतं. ते गेलं की खाली मऊ लोखंड, मग ऐरण कामातून जाते. खोलगटपणा राहू दिला. जवसाचं तेल चोळलं. ती बसवायला ओकचा ओंडका असा कापला की मूठ वळून हात खाली सोडला की बोटांची पेरं माथ्याला टेकावीत.

शनिवारी खानावळीचं फाटक अर्धं झालं होतं. सोमवारी द्यायचं होतं. लोखंड पिवळंधमक झालं आणि घंटा झाली.

वेंडेलिनने ओढ्यापलीकडे पाहिलं. खिडकीत काळा रुमाल बांधलेलं डोकं. म्हातारी कान देऊन बसली आहे. त्याने एक शिवी पुटपुटली. लोखंड बाजूला टाकलं आणि रिकाम्या ऐरणीवर एकामागून एक तीन घाव घातले. समोरच्या उतारावरून त्यांचे पडसाद आले. हातोडा हातात धरून तो तसाच उभा राहिला. जमिनीवर लोखंड लाल झालं, मग काळं. शेवटी त्याने हातोडा खाली ठेवला, निखाऱ्यांवर राख ओढली.

बऱ्याच वेळाने धुराड्याचा धूर थांबला. तेव्हा समोरच्या खिडकीचा पडदा ओढला गेला.

घरात दाराशी आफ्राची बॅग भरलेली होती. आफ्रा टेबलाशी बसली होती. तीही याच खोऱ्यातली. तीन घावांचा अर्थ तिला सांगावा लागला नाही.

"उद्या?" तिने विचारलं.

"उद्या काही नाही. हातोडा उचलला तर सैतान सुटायचा."

"मला नाही, त्याला तरी घाबरलास," ती म्हणाली आणि त्याची ताटली तिने सुलटी केली.

क्विरिनच्या शेवटच्या हिवाळ्यापासून बुर्गा आजीला दोन्ही कानांनी काहीही ऐकू येत नव्हतं.