वरमाईनं झेललेल्या ओव्या

शालूबाई थेट जात्यापाशी आली, पदर खोचला आणि हरणाबाईच्या समोर एक पाय मुडपून, एक लांब करून बसली. गेलं वर्षभर तिला कुणी असं बसलेलं बघितलं नव्हतं. जात्याला पिवळ्या फडक्यात सुपारी, हळकुंड बांधलेलं. खुंट्यावर हरणाबाईचा एकटीचा हात होता. शालूबाईनं त्यावर आपला हात ठेवला आणि पहिला फेरा ओढला.

सोप्यातल्या बायका माना वळवून बघू लागल्या.

"ऊठ तितनं," हरणाबाई दात आवळून म्हणाली. ती थोरली जाऊ. घर तिच्या मुठीत, आणि लग्न तिच्याच लेकाचं, अर्जुनाचं. "लग्नाच्या हळदीचा, सवाशिणींचा घाणा हाय ह्यो. नवरा तीन वरसं लढाईवर, आन् हितं परक्या बाप्याकडनं गरमीचा रोग आणलेल्या बाईचा न्हवं."

"मीबी सवाशीणच हाय, आक्का. धनी उद्या दुपारी सांगलीच्या ठेसनात उतरत्यात."

हळद फुटायला लागली होती. हरणाबाई हात सोडवू बघते तोच भिंतीला टेकलेली मनुबाई खाकरली. भावकीतली सगळ्यात जुनी सवाष्ण ती. "हरणे, फेरा सुरू झालाय. आता हळद दळून उतरंस्तवर हात काढायचा न्हाई, अर्जुनाला बाधंल. आन् समोरचीनं ओवी सोडली की वरमाईनं झेलायची. रीत हाय."

शालूबाईच्या गळ्यात मध होता. तो तिनं सावकाश ओतला.

*सुपारीएवढी गाठ, उठली आडोशाच्या ठायी,*
*गरमीचं नाव दिलं, कुणी तपासलं न्हाई.*

झेलायची म्हणजे तेच शब्द, त्याच चालीत, आपल्या तोंडानं. हरणाबाईनं ओठ घट्ट धरले. मनुबाईनं नुसतं बोट वर केलं. मग खाली मान घालून हरणाबाई म्हणाली, सुपारीएवढी गाठ, उठली आडोशाच्या ठायी.

मागं कुणीतरी फिदकन हसलं. "अगं बया! आक्कांनाबी गाठ व्हय?"

"गप बसा, भवान्यांनो!"

शालूबाई थांबली नाही.

*तीनदा वस्तरा, रंगू सुईणीनं लावीला,*
*फिरून भरे गाठ, जीव माझा ग कावला.*

*चौथ्यांदा सांगलीला, बाई डाक्तरनं पाहिली,*
*मुळासकट पिशवी, काचंच्या वाटीत राहिली.*

कोपऱ्यातल्या रंगूबाईनं पदर कपाळावर ओढला. "म्या काय करनार? चिरलं की पिचकायची. पंधरा दिसांत पुन्ना हाय तश्शी."

"आन् डाक्तरनीनं काय येगळं केलं गं?" एकीनं विचारलं.

"तिनं नुसतं चिरलं न्हाई, आख्खी पिशवीच काढली," शालूबाई जातं ओढत म्हणाली. "धा दिस खाटंवर पडले. आज चार महिनं झालं, खड्याएवढंबी काय न्हाई. साधी गाठ म्हनली. बायामानसाला हुतीया. कुवार पोरीलाबी हुतीया. गरमी-बिरमी न्हाई, आन् कुना बाप्याचा त्यात संबंध न्हाई. आता झेला की, आक्का. दोन ऱ्हायल्यात."

हरणाबाईनं दोन्ही झेलल्या. तिच्या कपाळावरचा घाम हळदीत पडला.

*वेगळं माझं ताट, गोठ्यात माझी वाकळ,*
*म्हशीनं जाणली ग, माझ्या बैठकीची कळ.*

या ओवीला कुणी हसलं नाही. एका म्हातारीनं डोळ्यांना पदर लावला. हरणाबाईनं ती कशीबशी झेलली आणि जात्यावर वाकून हळू आवाजात बोलली, "शाले, झालं न्हवं तुझ्या मनासारखं? ऊठ आता. दुसऱ्या बसू देत."

"मला आता दिसभर बसाया येतंय, आक्का."

तिनं खुंट्यावरची पकड आवळली. खाली हरणाबाईची बोटं पांढरी पडली. मग तिच्या डोळ्यांत डोळे घालून, बाळाला निजवावं तशा मऊ आवाजात शालूबाईनं पाचवी सोडली.

*कागद धाडीयेला, माझ्या पल्टणीच्या राया,*
*पाठची बहीण ग, माझ्या पाटावर बसवाया.*

"म्या कागद धाडल्याचं कुनी सांगितलं तुला?" हरणाबाईच्या तोंडून निसटलं.

हळकुंडांचं सूप धरून बसलेली हरणाबाईची पाठची बहीण सूप खाली ठेवून आत निघून गेली. जातं मात्र फिरत होतं. एकटी शालूबाई ते ओढत होती.

"झेल," मनुबाई म्हणाली.

"मावशी, पाया पडते तुमच्या."

"झेल म्हनते न्हवं!"

खुंटीला अर्जुनाच्या मुंडावळ्या टांगल्या होत्या. हरणाबाईनं त्यांच्याकडं बघितलं आणि ओवी झेलली. आवाज फाटला, पण शब्द एकेक करून सगळे बाहेर आले. पाठची बहीण ग, माझ्या पाटावर बसवाया.

हळद उतरली. मनुबाईनं दोघींना उठवलं. त्यांच्या जागी दोन तरण्या सासुरवाशिणी बसल्या. हरणाबाई पाण्याच्या तांब्याकडं वळते न वळते तोच त्यांनी खुंटा धरला आणि एकीनं सूर लावला.

*कागद धाडीयेला, माझ्या पल्टणीच्या राया...*

"दुसरी म्हना की गं येकादी!" हरणाबाई ओरडली.

सोप्यातल्या साऱ्याजणींनी मिळून ती झेलली.