पहिली वीस मिनिटं

वेंडेल क्राउसने डब्यावरचं लेबल वाचलंच नाही. झाकण फिरवलं, नरसाळं लावलं आणि तेल इंजिनात ओतायला लागला.

"अरे, वाच तरी!" मर्ल म्हणाला.

"तू वाचलंयस ना?"

मर्लने वाचलं होतं. चष्मा लावून, दोनदा. मग माहितीपत्रक मागवलं आणि तरी खात्री पटेना म्हणून कंपनीत फोन केला. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो, मर्ल तर गवळ्याच्या घरापर्यंत जाऊन आला होता. आज शनिवार असून गाड्यांच्या सामानाचं आपलं दुकान बंद ठेवून तो डबे घेऊन स्वतः वेंडेलच्या गॅरेजात हजर झाला होता.

इंडियानातल्या त्या गावात कुठल्या गाडीला कुठलं तेल, हे लोक डब्याला नाही, मर्लला विचारत. जुन्या शर्यतीच्या इंजिनांना तेलात जस्ताचं मिश्रण भरपूर लागतं. त्याने नव्या गाड्यांच्या धूर गाळणाऱ्या जाळीचं नुकसान होतं, म्हणून कंपन्या ते कमी करत गेल्या. मर्लची त्यावर ठरलेली तोड होती: ट्रकचं डिझेलवालं तेल घाला, त्यात जस्त असतं. वर्षानुवर्षं ती तोड चालली. मग ट्रकच्या तेलातलंही जस्त घटलं. डबा तोच, रंग तोच, फक्त मागची बारीक अक्षरं बदलली. ती मर्लने वाचली नाहीत आणि दोन वर्षांपूर्वी वेंडेलच्या सत्तर सालच्या शेव्हेल गाडीचा कोरा कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा, पहिल्याच दिवशी झिजून सपाट झाला.

मर्लला हे कळलं ते लेथवाल्याकडून; दोष तेलाचा, हे त्याने वेंडेललाही सांगितलं होतं. पण वेंडेलने मर्लपाशी ब्र काढला नाही. वायपर, बल्ब घ्यायला तो पूर्वीसारखाच दुकानात येत राहिला, कॉफी पीत राहिला. प्रत्येक वेळी मर्लला वाटे, आज बोलेल. आणि मागच्या आठवड्यात फोन आला: "इंजिन पुन्हा बांधलंय. तुला योग्य वाटेल ते तेल घेऊन ये."

वेंडेलची बायको आर्लीन स्वयंपाकघरातलं गजराचं घड्याळ वीस मिनिटांवर लावून घेऊन आली. कानांवर मोठे कानझाक होते, ते तिने एका बाजूने वर सरकवले.

"या वेळी तरी नीट चालू दे बाई. मागच्या खेपेला बाराव्या मिनिटाला टकटक सुरू झाली आणि ह्याचा अख्खा हिवाळा पाण्यात गेला. त्या कॅमशाफ्टवाल्यांनी भंगार माल गळ्यात मारला! मी खरमरीत पत्र लिहिणार होते, पण हा म्हणतो, राहू दे."

"भंगार माल?" मर्लने विचारलं.

"हाच म्हणाला."

वेंडेल खाली मान घालून नरसाळं पुसत होता. मर्लचे कान तापले. बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं! दोन वर्षं हा माणूस मर्लची चूक पोटात घालून बसला होता.

"चला," वेंडेल म्हणाला आणि संधिवाताने वाकडी झालेली बोटं चोळली. "तिसऱ्यांदा बांधायचं झालं तर ही बोटं ऐकायची नाहीत. मर्ल, तू तेलाच्या दाबावर नजर ठेव."

इंजिन धडाडून सुरू झालं. नवा कॅमशाफ्ट घातला की पहिली वीस मिनिटं इंजिन मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या खाली येऊ द्यायचं नसतं. तो तिथेच बसतो, नाहीतर तिथेच जातो. पत्र्याच्या गॅरेजात त्या आवाजापुढे दुसरं काही ऐकू येण्याची सोयच नव्हती. वेंडेलचा हात इंजिनाचा वेग राखणाऱ्या थ्रॉटलवर होता, मर्लचे डोळे दाबाच्या काट्यावर. आर्लीनने कानझाक घट्ट दाबून धरले होते.

दहा मिनिटं झाली. अकरा. बारा झाली हे सांगायला आर्लीनने आधी दहा बोटं दाखवली, मग दोन. मर्लने श्वास रोखून कान इंजिनाजवळ नेला. टकटक नव्हती. तेरा झाली, चौदा झाली, तरी इंजिन एकसुरात गरजत होतं.

मर्लचे डोळे भरून आले. त्याने तोंड वेंडेलच्या कानाशी नेलं.

"तो कॅमशाफ्ट माझ्यामुळे गेला!" तो जिवाच्या आकांताने ओरडला. "तेल चुकीचं होतं! मी डबा वाचला नव्हता! दोन वर्षं माझं सांगायचं धाडस झालं नाही!"

वेंडेल फेऱ्यांच्या काट्याकडे बघत होता. त्याने थ्रॉटल किंचित वाढवला, इतकंच.

घड्याळ वाजलं असावं, कारण आर्लीनने दोन्ही हात उंचावले. वेंडेलने चावी फिरवली. एकदम इतकी शांतता झाली, की तापलेलं लोखंड आकसतानाचा आवाजही ऐकू येऊ लागला.

जरा निवल्यावर त्यांनी तेल पांढऱ्या परातीत सोडलं. वेंडेलने दिवा खाली धरला आणि दोघं गुडघ्यांवर बसून बघत राहिले. कुठेही चमचम नव्हती. धातूचा एक कणसुद्धा नाही.

आर्लीनने कानझाक काढले आणि मर्लच्या पाठीवर थाप मारली. वेंडेल हात पुसत उभा राहिला.

"मर्ल, मघाशी काय ओरडत होतास?"

मर्लने त्याच्याकडे बघितलं, मग आर्लीनकडे.

"आभार मानत होतो," तो म्हणाला.

"घ्या!" आर्लीन हसली. "गाडी ह्याची, तेल तुझं, आणि आभारही तूच मानायचे?"

"हो," वेंडेल म्हणाला. "मलाही तेच ऐकू आलं."